शिकणाऱ्याचें ऋण

आधीं शिकावें आणि मग करावें, कीं करतां करतांच शिकावें, हा वाद विद्येइतकाच जुना आहे. पोहण्याचें शास्त्र काठावर बसून वाचलेल्या मनुष्यास विहिरींत ढकलल्यावर काय होतें, हा दाखला आपल्याकडे पूर्वापार दिला जातो. आणि तो देणारे बहुधा स्वतः काठावरच बसलेले असतात, हेंही तितकेंच खरें. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागांत या वादाचा निकाल एका बाजूनें लावून टाकला आहे. ज्या गोष्टी शिकून करावयाच्या त्या आपण करूनच शिकतों. घरें बांधून मनुष्य गवंडी होतो आणि वाद्य वाजवून वादक, असा त्याचा अभिप्राय आहे. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें पुढें जी पुस्ती जोडली आहे तिच्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. घरें बांधूनच चांगला गवंडी तयार होतो, आणि घरें बांधूनच वाईट गवंडीही तयार होतो, असें तो म्हणतो. म्हणजे नुसतें करणें पुरेसें नाहीं. आणि गवंडी शिकत असतांना त्यानें बांधलेल्या घरांत कोणीतरी राहावयास आलेलें असतें, हा मुद्दा तर त्या ठिकाणीं अॅरिस्टॉटलनेंही घेतलेला नाहीं.

या शेवटच्या मुद्द्याकडे माझें लक्ष वेधलें तें एका अगदीं अलीकडच्या विद्येनें. संगणकावर संकेतस्थळें रचणाऱ्या तरुणांत एक रूढि आहे. नवें फ्रेमवर्क हातीं आलें, कीं त्याचें पुस्तक समग्र वाचीत बसावयाचें नाहीं. एक लहानसें संकेतस्थळ बांधावयास घ्यावयाचें, आणि तें उभें राहीपर्यंत अडत, धडपडत, जें लागेल तेवढें शिकत जावयाचें. ही रूढि चांगली कीं वाईट, आणि चांगली असल्यास तिची किंमत कोण देतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हें ज्या वाचकांचा या व्यवसायाशीं संबंध नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कोणतेंही संकेतस्थळ घ्या. वाचकाच्या ब्राउझरकडून आलेली मागणी ओळखणें, तिचें उत्तर कोणत्या पानानें द्यावयाचें तें ठरविणें, साठवणींतून माहिती काढून त्या पानांत भरणें, आंत येणाऱ्याची ओळख पटवून घेणें आणि खोडसाळांस बाहेर ठेवणें, हीं कामें त्यास करावींच लागतात. प्रत्येकानें तीं मुळापासून पुनः लिहावीं हें व्यर्थ; म्हणून कांहीं कुशल मंडळी तीं एकदां नीट लिहून ठेवतात आणि जेथें प्रत्येकाचें काम निराळें असावयाचें तेवढ्या जागा मोकळ्या सोडतात. त्या जागा भरणें हें पुढच्याचें काम. मात्र यांत एक बारीक भेद आहे. हा नुसता हत्यारांचा संच असता, तर हवें तेव्हां हवें तें हत्यार आपण उचललें असतें. येथें सूत्र चौकटीच्या हातीं असतें. आपण लिहिलेला तुकडा केव्हां बोलवावयाचा हें तीच ठरविते. एकत्र कुटुंबांत नव्यानें आलेल्या सुनेस जशी आधीं घराची रीत समजून घ्यावी लागते आणि मग त्या रीतींत आपली जागा करावी लागते, तसाच हा प्रकार. काव्याच्या वाचकांस वृत्ताचा दाखला अधिक जवळचा वाटेल. शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणांत १९ अक्षरें असतात आणि त्यांचा लघुगुरुक्रम ठरलेला असतो. वृत्त कवीला कविता देत नाहीं. पण कोठें थांबावयाचें हें कवीच्या आधीं त्यानें ठरवून ठेविलेलें असतें.

टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत ज्या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ मध्यें ज्यावरचें पहिलें संकेतस्थळ लोकांपुढें आलें, त्यांत अशा चौकटी नव्हत्या. त्या पुढें आल्या, आणि त्यांतल्या कित्येक कोणा पंडिताच्या डोक्यांतून न निघतां कामाच्या घाईंतून निघाल्या, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जँगो या नांवाच्या चौकटीचेंच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांत लॉरेन्स या गांवीं 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हें वृत्तपत्र निघतें. त्याच्या कचेरींत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांस वृत्तपत्राच्या वेळापत्रकानें, म्हणजे आज सांगितलें तें उद्यां हवें या हिशेबानें, संकेतस्थळें उभीं करावीं लागत. २००३ च्या सुमारास पुनः पुनः करावें लागणारें काम त्यांनीं एकत्र बांधलें. २००५ मध्यें तें सर्वांस मोकळें झालें, आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें नांव त्यास मिळालें. रूबी ऑन रेल्स ही दुसरी प्रसिद्ध चौकट डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनीं २००४ मध्यें बेसकँप या चालत्या कामांतूनच वेगळी काढली. म्हणजे शिकणाऱ्याच्या हातीं जें पडतें तो दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांचा घट्ट झालेला अर्क असतो. ज्या अडचणींतून तो निघाला त्या अडचणी मात्र त्याच्याबरोबर येत नाहींत. उत्तर आधीं मिळतें. प्रश्न कोणता होता तें मागाहून कळतें, किंवा कळतही नाहीं.

आतां ती रूढि पाहूं. शिकण्यासाठीं जीं लहान संकेतस्थळें बांधलीं जातात तीं बहुधा ठरलेलीं असतात. जँगोच्या अधिकृत पाठांत मतदान घेणारें एक छोटेंसें संकेतस्थळ बांधून घेतात. इतरत्र दिवसभराच्या कामांची यादी करून घेतात; ही यादी जगांत इतक्या वेळां बांधली गेली आहे कीं तीवरील कामें उरकावयास एक मन्वंतर पुरणार नाहीं. हीं खेळण्यांसारखीं कामें निंद्य नाहींत. बाराखडी गिरविल्याशिवाय कोणी लिहावयास लागलेला नाहीं. परंतु त्यांत एक लबाडी, हा शब्द कठोर असल्यास एक सोय म्हणा, दडलेली असते. खेळणें हें चौकटीच्या मापानें निवडलेलें असतें. जेवढें चौकटीला सहज येतें तेवढेंच त्या पाठांत विचारलेलें असतें. म्हणून पाठ संपतांना विद्यार्थ्यास वाटतें कीं आपल्याला पुष्कळ येतें. वस्तुतः त्याला चौकटीचे सद्गुण तेवढे कळलेले असतात.

या प्रश्नाचा जितका गंभीर विचार वर्धा जिल्ह्याच्या भूमींत झाला तितका हिंदुस्थानांत अन्यत्र क्वचितच झाला असेल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें मोफत आणि सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि तें सर्व एखाद्या हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफलेलें, हें तिचें सार. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें डिसेंबर १९३७ मध्यें त्याचा तपशील मांडला, आणि पुढें सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्यानें 'नई तालीम' या नांवानें तो वर्षानुवर्षें चालविला. टकळी हातीं घेतलेल्या मुलानें सूत तर काढावयाचेंच, पण त्या सुताच्या निमित्तानें कापसाची शेती, हवामान, गणित, व्यापाराचा इतिहास, हें सगळें त्याच्यापर्यंत यावें, अशी ती कल्पना होती. तिच्यांत सर्वांत वादग्रस्त ठरलें तें स्वावलंबनाचें कलम. मुलांनीं केलेली वस्तु विकली जावी आणि तिच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा खर्च निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. प्रा. के. टी. शहा यांनीं परिषदेंतच यावर आक्षेप घेतला. शाळेंतील मुलांचा माल गरीब कारागिराच्या मालाशीं स्पर्धा करील, ही त्यांची शंका होती. झाकीर हुसेन समितीनेंही, पैशाच्या बाजूवर भर देतांना शिक्षणाचा मूळ हेतु बळी पडण्याचा धोका आहे, असा इशारा देऊन ठेविला.

हे आक्षेप खोटे नव्हते. तरी त्या कलमांत हिशेबाच्या पलीकडची एक दृष्टि होती असें मला वाटतें. वस्तु विकली जावी याचा अर्थ ती कोणातरी परक्या मनुष्याच्या उपयोगी पडावी. शिक्षक दया करतो, आई कौतुक करते, परीक्षक नियमावर बोट ठेवून दोन गुण अधिक देतो. गिऱ्हाईक यांतलें कांहींच करीत नाहीं. सूत तुटकें असेल तर तें घेत नाहीं, इतकेंच. शिकणाऱ्यास हा एवढा निर्दय आणि निःपक्षपाती गुरु दुसरीकडे मिळत नाहीं. मतदानाचें खेळण्यांतलें संकेतस्थळ या गुरूपासून मुलास दूर ठेवतें. त्यावर कोणी मत देत नाहीं, म्हणून कोणी तक्रारही करीत नाहीं.

वर्धा जिल्ह्याच्याच उत्तर अंगास, आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर तळेगांव (श्यामजी पंत) हें गांव आहे. आर्वीकडून आष्टीकडे जाणारी वाट आणि हा हमरस्ता यांची गांठ येथें पडते. एसटीचें आगारही येथें आहे. भोवतालच्या खेड्यांतील मनुष्य नागपूरला, अमरावतीला किंवा वर्ध्याला जावयास निघाला, कीं त्यास बहुधा येथें येऊन गाडी धरावी लागते. या बाजूचा एक मुलगा आमच्या महाविद्यालयांत शिकत असे. २०२२ च्या उन्हाळ्यांत त्यानें जँगो शिकावयास घेतलें, आणि मतदानाचा पाठ दोन दिवसांत उरकून तो म्हणाला, "सर, आपल्या गांवच्या गाड्यांचें वेळापत्रक टाकून पाहतों." माझा विषय तत्त्वज्ञान, तरी सुटीचे दिवस होते आणि कुतूहल होतें, म्हणून त्याच्या शेजारीं बसून मी तें सर्व पाहिलें.

पहिली अडचण गांवाच्या नांवापाशींच आली. प्रत्येक गांवाचें एक पान, आणि त्या पानाचा पत्ता गांवाच्या नांवावरून चौकटीनेंच तयार करावा, अशी सोय जँगोंत आहे. मुलानें 'तळेगांव' हें नांव दिलें. पत्ता आला तो कोरा. रोमन लिपीबाहेरचें अक्षर ती सोय मूळांत टाकूनच देते. दुसऱ्या लिप्या चालतील अशी सूचना दिल्यावर पत्ता आला तो 'तळगव'. आष्टीचें झालें 'आषट'. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळें गळून पडलें. कारण ज्या भाषेंत ही चौकट लिहिली आहे तिच्या नियमांत 'अक्षर' म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तींत आपलीं स्वरचिन्हें बसत नाहींत. तीं अक्षरावरचीं चिन्हें, स्वतः अक्षर नव्हेत, असा तिचा समज. बरें, रोमन लिपींत लिहावें, तर दाभाड्यांचें तळेगांव, ढमढेऱ्यांचें तळेगांव आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतलें तळेगांव दशासर हीं सगळीं एकाच पत्त्यावर येऊन उभीं राहतात. कंसांतलें 'श्यामजी पंत' हें शोभेचें शेपूट नसून गांवाच्या नांवाचा अर्धा प्राण आहे, हें त्या मुलास जन्मभर त्या नांवाच्या गांवाजवळ राहून जें कळलें नव्हतें तें त्या दिवशीं कळलें.

दुसरी अडचण वर्णमालेची. गांवांची यादी अकारविल्हे लावली, तर पळसगांव आधीं आणि पवनार मागाहून. आपल्या वर्णमालेंत ळ हा ह च्या पुढें येतो; मग हें कसें? शोध घेतां असें निघालें, कीं युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्यें आहे. भारतीय लिपींसाठीं १९८८ मध्यें ठरलेल्या इस्की या संकेताची मांडणी युनिकोडनें आधाराला घेतली, आणि ती मांडणी मराठीपुरती नसून सगळ्या भगिनीलिपींस समांतर बसावी अशी केलेली आहे. यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु चौकट साठवणीवर विसंबते, साठवण संकेतावर विसंबते, आणि संकेताला मराठी शाळेंतली पाटी ठाऊक नाहीं. तेव्हां तीन मजले खालीं उतरून मुलास ळ आपल्या हातानें उचलून ह च्या पुढें ठेवावा लागला.

तिसरी गोष्ट गमतीची. 'आतां यापुढची गाडी कोणती' हें दाखविणारी एक ओळ त्यानें लिहिली. सकाळीं दहा वाजतां ती ओळ पहांटे पांचची गाडी दाखवूं लागली. चौकट नवें काम सुरू करतांना घड्याळ ग्रिनिचच्या मेळाचें लावते, आणि आपलें घड्याळ त्याच्या साडेपांच तास पुढें. मुलानें तें दुरुस्त केलें. पण खोलांत गेला तेव्हां त्यास दिसलें, कीं कोणी कांहींच न सांगितल्यास जँगो जी वेळ गृहीत धरतें ती शिकागोची आहे. कॅन्सस राज्यांतलें लॉरेन्स गांव त्याच घड्याळानें चालतें. म्हणजे सर्व जगासाठीं मोकळ्या केलेल्या या चौकटीच्या पोटांत तिच्या जन्मगांवचें घड्याळ अद्याप टिकटिकत आहे. मला हें वाचून त्या वस्तूविषयीं आपलेपणा वाटला. जी गोष्ट सर्वत्र चालते असें आपण समजतों तीही कोणत्या तरी एका गांवांत, कोणाच्या तरी सोईसाठीं, प्रथम केलेली असते.

समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेनें केला आहे, आणि अक्षर कसें असावें, ओळींत अंतर किती असावें, असल्या बारीक गोष्टी परमार्थाच्या ग्रंथांत सांगतांना त्यांस कमीपणा वाटलेला नाहीं. तळेगांवच्या वेळापत्रकावर त्या मुलानें जें शिकलें तें याच जातीचें होतें. खेळण्याच्या पाठांत चौकट कोठेंच अडली नव्हती. आणि जेथें ती अडली नाहीं तेथें तो कांहीं शिकलाही नव्हता. ज्या तीन जागीं गांवानें चौकटीस विरोध केला, तेथेंच तिच्या खालीं काय आहे हें पाहण्याची वेळ आली. आतां तर कृत्रिम बुद्धीचीं साधनें निघालीं आहेत. 'मला अमुक संकेतस्थळ पाहिजे' असें साध्या भाषेंत सांगितलें कीं तीं सगळें लिहून देतात. ज्यास केवळ वेळापत्रक हवें आहे त्याचा यांत मोठा फायदा आहे आणि त्याविषयीं नाक मुरडण्याचें मला कारण दिसत नाहीं. पण ज्यास शिकावयाचें आहे त्याच्या वाटेंतला तो विरोधच जर कोणी दुसऱ्यानें परस्पर मिटवून टाकला, तर त्याच्या हातीं वस्तु येईल आणि विद्या दारावरूनच परत जाईल.

येथवर मी त्या रूढीच्या बाजूनें बोललों. आतां तिची किंमत.

संकेतस्थळ चांगलें झालें. मुलानें त्याची खूण एका कागदावर छापून दोनतीन दुकानांत चिकटविली. लोक पाहूं लागले. पुढें मुलाची पदवी झाली, त्यास पुण्यास नोकरी लागली, आणि २०२३ मध्यें तो गेला. जँगो त्यास आतां येत होतें. किंबहुना त्या जोरावरच ती नोकरी लागली होती. गाड्यांच्या वेळा मात्र कोणत्याही आगाराच्या बदलतात तशा बदलल्या; ऋतूप्रमाणें, शाळांप्रमाणें, रस्त्याच्या कामाप्रमाणें त्या बदलाव्याच लागतात. संकेतस्थळावरच्या वेळा जेथल्या तेथें राहिल्या. दिवाळींत मुलगा गांवीं आला तेव्हां त्याच्याच आळींतल्या एका वृद्ध बाईनें त्यास अडवून सांगितलें, "तुह्या त्या मोबाइलातली गाडी आलीच नाई, बाबू." तिच्या नातवानें वेळ पाहून दिली होती. तीन तास ती थांब्यावर बसली; दवाखान्यांतली तिची पाळी त्या दिवशीं चुकली.

मुलगा माझ्याकडे आला तो याच विचारानें बेचैन होऊन. त्याचे मित्र म्हणत, कीं यांत तुझा कांहीं दोष नाहीं. तूं पैसे घेतले नाहींस. पानाच्या तळाशीं 'हें संकेतस्थळ शिकण्यासाठीं केलें आहे' असें लिहिलें होतेंस. खात्री करून घेणें हें ज्याचें त्याचें काम. या तिन्ही म्हणण्यांचा मी पुष्कळ विचार केला आणि तिन्ही मला अपुरीं वाटलीं. पैसे न घेतल्यानें देणें कमी होत असेल, फेडावयाचें उरत नाहीं असें नव्हे. तळाची ओळ इंग्रजींत होती, आणि ती मराठींत असती तरी ती वृद्ध बाईसाठीं नव्हती; ती लिहिणाऱ्याच्या समाधानासाठीं होती. आणि खात्रीचें म्हणावें, तर वेळापत्रक पाहणें हीच तिची खात्री होती.

टकळीवरचें सूत आणि संकेतस्थळ यांत जो भेद आहे तो येथें उघड होतो. सुताचा ताना झाला, कापड विणलें, विकलें, कीं विणकराचा आणि वस्तूचा संबंध तुटला; विणकर मेला तरी धोतर टिकतें. संकेतस्थळ तसें नाहीं. तें पाणपोईसारखें आहे. आमच्या विदर्भांत चैत्र-वैशाखांत रस्त्याच्या कडेला रांजण मांडून पाणपोई घालतात; ती घालणें म्हणजे रांजण विकत आणणें नव्हे, तो रोज सकाळीं भरणें आहे. आणि पाणपोई मुळींच नसती तर वाटसरूनें घरून पाणी बरोबर घेतलें असतें. ती आहे हें ठाऊक असल्यामुळेंच तो रिकाम्या हातीं निघाला. म्हणून कोरडा रांजण हा रांजण नसण्यापेक्षां वाईट. त्या बाईनें पूर्वीं काय केलें असतें? आदल्या दिवशीं कोणाकडून तरी आगारांत विचारून घेतलें असतें. ती जुनी संवय या नव्या सोयीनें मोडली, आणि मग सोयही निघून गेली.

शिवाय ज्या चौकटीवर हें उभें होतें तीही स्वस्थ बसणारी नाहीं. मुलानें वापरलेली जँगोची ३.२ ही आवृत्ति एप्रिल २०२१ मध्यें निघाली होती. दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ति म्हणून ती जाहीर झालेली, आणि तो दीर्घकाळ एप्रिल २०२४ मध्यें संपला. त्यानंतर तींत भगदाड सांपडलें तरी मूळ मंडळी तें बुजविणार नव्हती. दुसऱ्याच्या वस्तूंवर आपण किती विसंबतों याचा एक दाखला मार्च २०१६ मध्यें साऱ्या जगानें पाहिला. अवघ्या ११ ओळींचा 'लेफ्ट-पॅड' नांवाचा एक तुकडा त्याच्या लेखकानें सार्वजनिक कोठारांतून काढून घेतला, आणि त्यावर नकळत विसंबलेलीं हजारों कामें एकदम अडलीं. त्या लेखकानें आपली वस्तु परत घेतली. आमच्या मुलानें नुसती पाठ फिरविली. ज्याचा त्यावर भार होता त्यास दोन्हीचा परिणाम सारखाच जाणवतो.

मग शिकणाऱ्यानें खऱ्या वस्तूस हात लावूंच नये काय? तसें म्हणवत नाहीं. न्हाव्याचा मुलगा कोणाच्या तरी डोक्यावरच शिकतो, आणि नवा डॉक्टर खऱ्या रोग्यावरच. फरक इतकाच, कीं तेथें पाठीशीं जाणता मनुष्य उभा असतो आणि हात चुकला तर तो धरतो. संकेतस्थळाच्या विद्येंत तसा मनुष्य असतोच असें नाहीं. एकलव्याला निदान मातीची मूर्ति तरी होती. उलट, पूर्ण कुशल झाल्याशिवाय कोणी लोकांसाठीं कांहीं करूं नये असा निर्बंध घातला, तर कुशल मंडळी तळेगांवच्या गाड्या टिपून घेण्यास कधींच येणार नाहींत. त्यांना त्यांत कांहीं मिळावयाचें नाहीं. लहान गांवांच्या वाट्याला जें येतें तें पुष्कळदां शिकाऊ हातचेंच असतें. नवा मास्तर, नवा डॉक्टर, नवा वकील, हे आधीं तेथें शिकतात आणि शिकून झाल्यावर शहरांत जातात. खेड्यांच्या खर्चानें शहरांची कुशलता तयार होते. आणि हें ऋण कोणत्याच वहींत नोंदलेलें नसल्यानें तें फेडण्याची वेळही कोणावर येत नाहीं. त्या मुलाची बेचैनी मला मोलाची वाटली ती यामुळें. त्याच्या पगारांत त्या बाईचे तीन तास मिळालेले आहेत, हें त्यास दिसलें होतें.

माझें मत असें पडलें, कीं त्यानें संकेतस्थळ बंद करावें. भरणें होत नसेल तर रांजण उचलावा. त्यास तें पटलें नाहीं. तो म्हणाला, "सर, बंद केलं तर माझं मन मोकळं होईल, पण लोकांचं काय?" हें उत्तर मला आजही पुरतें पटलेलें नाहीं, कारण त्यांत कर्त्याचा आपल्या कृतीवरचा मोह किती आणि लोकांची काळजी किती, हें वेगळें काढतां येत नाहीं. परंतु पुढें त्यानें जें केलें तें मात्र मला आवडलें. प्रत्येक वेळेपुढें ती शेवटची केव्हां पडताळून पाहिली तो दिवस त्यानें मराठींत, मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि तीस दिवसांत कोणी ती पुनः पडताळली नाहीं तर ती वेळ आपोआप पुसली जाऊन तेथें 'आगारांत विचारा' एवढेंच राहील अशी योजना केली. ही योजना दहा-बारा ओळींची असेल. चौकटीच्या कोणत्याही पाठांत ती नव्हती, आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत ती त्यास सुचलीही नसती.

पडताळणें तरी कोणी करावयाचें, हा प्रश्न उरलाच. सध्यां अकरावींतली एक मुलगी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत वही घेऊन आगारांत जाते आणि वेळा टिपून आणते. हळूहळू तिनें आंतलें कामही समजून घेतलें आहे. पण जँगो तिला आवडत नाहीं. तिला दुसरी एक नवी चौकट शिकावयाची आहे, आणि ती शिकण्यासाठीं हेंच संकेतस्थळ पुनः पहिल्यापासून बांधण्याचा तिचा बेत आहे. मुलगा पुण्याहून यावर थोडा रागावलेला आहे. तिनें मात्र त्यास फोन करून पहिला प्रश्न विचारला तो चौकटीविषयीं नव्हता. कोणकोणत्या गाड्या लोकांच्या चुकतात, त्यांची यादी तुझ्याकडे आहे कां, असें तिनें विचारलें. अशी यादी त्याच्याकडे नव्हती. ती आतां थांब्यावर बसून करीत आहे.